वैशाखात न जमलेला बर्फ

भाऊ,

लोक अजून येतात. काल गोंडपिपरीहून एकजण आला. लग्नघरचा असावा, आवाजात घाई होती. फाटकातूनच म्हणाला, "रामाभाऊ हायेत का? दोन लाद्या पायजे होत्या." मी म्हणालो, बर्फ नाही. "मंग भाऊलेच बलवा ना," तो म्हणाला, "ते आमाले नाई म्हणत नाईत." ओसरीवर वहिनीचं सूप वाजत होतं, ते थांबलं. मग तिनेच त्याला सांगितलं. थोड्या वेळाने त्याच्या चपलांचा आवाज रस्त्याकडे गेला, आणि मी भिंतीला हात लावून तिथेच उभा राहिलो, कारण घर कुठल्या बाजूला आहे तेच मला कळेना.

तू गेल्यापासून मला हे असं होतं. ह्या आवारात मला कधी काठी लागली नाही. विहीर, इंजिनघर, मिठाच्या पाण्याचा हौद, ओसरी, सगळं पायांना पाठ होतं असं मी समजत होतो. ते पायांना नव्हतं. तू कुठे तरी खोकत होतास, कुणावर तरी ओरडत होतास, पाना आपटत होतास, आणि त्यावरून मी दिशा धरत होतो. आंधळ्याला हे बारा-चौदा वर्षांत समजू नये.

हे वहिनी लिहून घेते आहे. तुझं तेरावं झाल्यावर मी तिला म्हणालो, मला भाऊशी बोलायचं आहे, आणि नुसतं बोललं तर हवेत जातं. ती म्हणाली, "सांगा तुमी, भाऊजी. मी बसली लिहाले." टाक दौतीत बुडतो तो मला ऐकू येतो. मधूनच ती थांबते. मग मीही थांबतो.

नागपूरचं आपण कधी बोललो नाही. तिथल्या बर्फाच्या कारखान्यात तू फिटर होतास आणि मी तुझ्या हाताखाली. एका सांध्यातून अमोनिया सुटला आणि सरळ माझ्या तोंडावर आला. तू मला ओढत हौदापाशी नेलंस आणि माझं डोकं पाण्यात धरून ठेवलंस. डोळे गेले ते गेलेच. मला त्या दिवसाचं एवढंच नीट आठवतं, की नाकात तो वास भरलेला असताना मला तुझं रडणं ऐकू आलं. त्याच्याआधी मी तुला रडताना ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. तू ती नोकरी सोडलीस, मला घेऊन चांद्याला परत आलास, आणि पुढे कुणी अमोनियाचं नाव काढलं तरी उठून जाऊ लागलास.

मग मुंबईला एक जुनं जहाज मोडीत निघालं आणि त्यातलं बर्फाचं यंत्र तू आणलंस. ते बंडीवरून उतरवताना तू मला सांगत होतास, की जहाजावर अमोनिया सुटला तर माणसं समुद्रात पळतील कुठे, म्हणून ह्या यंत्रात कार्बोनिक भरतात. "किसना, हा सोड्यातला गॅस हाये. आपुन श्वास सोडतो ना, तोच. ना वास, ना जळजळ. डोळ्याले काई नाई करत." शेवटचं वाक्य तू हळू म्हणालास. आजूबाजूला हमाल होते म्हणून असेल.

त्यानंतर माझा हात धरून तू मला ते यंत्र दाखवलंस. इंजिनाच्या पट्ट्यावर दट्ट्या चालतो आणि वायूला दाबतो. दाबला की तो तापतो. त्या नळीला मी बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. ती नळी वेटोळी होऊन पाण्याच्या हौदात उतरते. पाणी तिची उष्णता घेतं, आणि आतला वायू पातळ होतो, पाण्यासारखा. ते पातळ एका बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हमधून पलीकडे सोडायचं. पलीकडे दाब कमी, त्यामुळे ते तिथे एकदम उकळतं, पुन्हा वायू होतं, आणि उकळायला लागणारी उष्णता जवळ जे असेल त्यातून ओढून घेतं. जवळ असतं मिठाचं पाणी. ते स्वतः गोठत नाही, नुसतं बर्फाहून गार होतं, आणि त्यात उभे केलेले गोड्या पाण्याचे डबे मात्र गोठतात. वायू परत दट्ट्याकडे. "तोच गॅस फिरून फिरून येते, किसना. आपुन फक्त इकडची गरमी उचलतो अन् तिकडं नेऊन टाकतो," तू म्हणालास, आणि माझा हात व्हॉल्व्हवर ठेवलास. अलीकडची नळी कोमट होती. दोन बोटं पलीकडे दव गोठून खरबरीत झालं होतं.

तो व्हॉल्व्ह तू माझ्याच ताब्यात दिलास. आंधळ्याच्या हाती एवढ्या दाबाचं यंत्र देतात का, असं लोक तुला विचारत. तू म्हणायचास, "डोळेवाला काट्याकडं पायते. ह्याचा हात नळीवर ऱ्हायते." मी त्या दिवसापासून पुन्हा माणसात आलो, भाऊ. नाहीतर मी ओसरीवर बसून वाती वळत म्हातारा झालो असतो. तुला हे कधी म्हणालो नाही. आपल्या घरात असं म्हणायची रीत नव्हती.

पण चांद्याचा उन्हाळा त्या जहाजाने पाहिला नव्हता. हौदाचं पाणी अठ्ठ्याऐंशी डिग्री फॅरनहाइटच्या वर गेलं की हा वायू पातळ होतच नाही. कितीही दाबा, तो दाबलेला वायूच राहतो. व्हॉल्व्हमधून मग नुसता गार वारा गेल्यासारखा जातो, आणि बर्फ निम्म्यावर येतो, कधी त्याच्याही खाली. पौषात, जेव्हा बर्फ कुणाला नको, तेव्हा आपल्या लाद्या वाजवल्या तर काशाच्या भांड्यासारख्या वाजायच्या. वैशाखात विहीर तळाला जायची, तेच ते पाणी हौदात फिरून तापायचं, आणि सगळा चांदा फाटकात उभा असताना डब्यांच्या पोटात पाणीच असायचं.

दर वर्षी ह्यावरून आपलं वाजायचं.

"भाऊ, अमोनियाचं यंत्र आण. त्याले गरम पाणी चालते. अन् तो सुटला तर वासानं समजते तरी. हा तर चोरावानी येते, जमिनीवर पसरते, अन् माणूस बसल्या जागी झोपते."

"ते मले नको सांगू."

"डोळे कोणाचे गेले? माहे गेले ना? मंग मीच म्हणून राह्यलो तर तुले काऊन त्रास होते?"

"मले तो वास नाई सहन होत," तू म्हणायचास. "नाई म्हणून राह्यलो ना, किसना. बस."

आणि खरंच बस. तू उठून विहिरीकडे जायचास, गाळ काढायला माणसं लावायचास, हौदावर वाळ्याच्या ताट्या बांधायचास, त्यांवर पाणी मारायचास. पाणी गार ठेवायला जेवढं माणसाला करता येईल तेवढं तू केलंस. तुझं बरोबर होतं की माझं, हे आपण कधी ठरवलं नाही. मला वाटायचं, वेळ आहे.

एटापल्लीला गेलो होतो ते आठवतं? फाल्गुन होता. तिथल्या जंगल चौकीच्या शिपायाची बायको तापाने फणफणली होती, आणि ठेकेदाराचा ट्रक सागवान भरायला रिकामा चालला होता. आदल्या फेरीला त्याच्याच ड्रायव्हरबरोबर निरोप आला होता. तू लादी सागाच्या भुशात पुरलीस, वर तरटं घातलीस, आणि मलाही ट्रकमध्ये चढवलंस. वाटेवर मोहाचा वास होता. तू मला दिवसभर सांगत राहिलास, आता नदी आली, आता बांबू आला, आता एक भेकर उभं राहून आपल्याकडे बघतं आहे. पोचलो तेव्हा अर्ध्याहून जास्त लादी शाबूत होती. त्या बाईच्या कपाळावर बर्फ ठेवल्यावर ती "आई गं" म्हणाली आणि झोपली, आणि सकाळी तिने पेज मागून घेतली. परतताना तू खुशीत होतास. "पाय किसना, बर्फ कुठीबी पोचते. भुसा पायजे अन् नेणारा माणूस पायजे."

एटापल्लीपर्यंत पोचला, भाऊ. आपल्या ओसरीवर पोचला नाही.

ह्या वर्षी विहीर चैत्रातच खाली गेली. सरकारी दवाखान्यात उन्हाचे रोगी येऊ लागले आणि तिथला शिपाई रोज डबा घेऊन फाटकात बसू लागला. तू यंत्रात जास्तीचा वायू भरलास. दाब वाढवला की उन्हाळ्यातही थोडं काम भागतं हे तुला ठाऊक होतं, आणि दाब कुठवर नेता येतो तेही ठाऊक होतं. काही दिवस बर्फ चांगला निघाला. तू त्या शिपायाला स्वतः लादी फोडून द्यायचास. मग एका सकाळी नळीवरची तांब्याची चकती फुटली. दाब फार झाला तर यंत्राऐवजी तीच फुटावी म्हणून ती बसवलेली असते, तिने तिचं काम केलं. बंदुकीसारखा आवाज झाला आणि माझे पाय घोट्यापर्यंत गार पडले.

"दरवाजे उघड. खाली बसू नको, किसना, उभा ऱ्हाय," तू ओरडलास, आणि माझा सदरा धरून मला बाहेर ओढलंस. दुसऱ्यांदा. अंगणात आल्यावर तुला हसू फुटलं. "तुह्या अमोनियानं असं केलं असतं तर आज काय झालं असतं?"

"अमोनियानं वैशाखात बर्फ देला असता," मी म्हणालो.

तुझं हसू थांबलं. आपल्या भांडणातलं ते शेवटचं वाक्य माझं झालं. मला ते नको होतं.

यंत्र रिकामं झालं. बदलायला दुसरी चकती होती, वायू नव्हता. वायूच्या टाक्या रेल्वेने येणार होत्या, दोन, एक आपली आणि एक बाबामियाँची. तुझा हा दोस्त समोर सोड्याच्या बाटल्या भरतो, त्यालाही तोच वायू लागतो, आणि त्याचाही संपला होता. तेवढ्यात कळलं, की पार्सल चांद्याला उतरायचं ते पुढे बल्लारशाला गेलं. मोटारवाला गॅसच्या टाक्या घेईना. तू गाडीवान दसरूला त्याची बैलबंडी जुंपायला सांगितलीस.

बाबामियाँ म्हणाला, "रामाभाऊ, इतनी धूप में मत जाओ. संध्याकाळी निघू, मी पण येतो."

"दवाखान्यातला माणूस फाटकात बसून हाये, मियाँ," तू म्हणालास. "संध्याकाळी जाऊन उद्या आणू, मंग परवा बर्फ निंगन. थांबते का कोणी तवरिक?"

वहिनीने तुझ्या खिशात कांदा घातला आणि दुपट्टा डोक्याला नीट बांधून घ्या म्हणाली. तू बांधलास. ते तिने पाहिलं आहे.

पुढचं दसरूने सांगितलं. पार्सलबाबू जेवायला गेला होता, त्याची वाट पाहण्यात ऊन माथ्यावर आलं. दसरू म्हणाला, बैल सावलीत बांधू, ऊन उतरू दे. तू ऐकलं नाहीस. टाक्या बंडीत ठेवल्या आणि निघालात. थोडं पुढे आल्यावर तू टाकीला हात लावलास. लोखंड तापलं होतं. टाकी उन्हात तापली की आतला दाब चढतो, आणि फुटली तर बंडी, बैल, माणूस काही उरत नाही. तू डोक्याचा दुपट्टा सोडलास, कळशीतलं पाणी त्यावर ओतलंस आणि दोन्ही टाक्यांवर पांघरलास. कळशी संपेपर्यंत तू त्यावरच पाणी शिंपडत होतास. दसरू म्हणाला, भाऊ, थोडं पिऊन घ्या. तू म्हणालास, "चांदा आलाच."

तुला बंडीतून उतरवलं तेव्हा तुझ्या अंगाला घाम नव्हता. मी तुझ्या मनगटाला हात लावला. यंत्राची पहिली नळी असते तसं ते होतं. तू मला ओळखलं नाहीस.

डॉक्टर आला. "बर्फ पाहिजे," तो म्हणाला, "डोक्यावर, काखेत, जांघेत. लगेच." मग आपण कुठे उभे आहोत हे त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण मग तो नुसतं पाणी आणि फडकी मागू लागला. सगळ्या चांद्यात बर्फाचा खडा नव्हता. बर्फ करणारी जागा एकच होती, आणि तिथला माणूस खाटेवर पडला होता.

बाबामियाँला सुचलं. टाकी उलटी करून तोंड उघडलं की त्यातून पांढरं भुरभुरीत काही पडतं, बर्फाहून कितीतरी गार, हे त्याने सोडा भरताना पाहिलं होतं. आम्ही तुझी टाकी अंगणात ओंडक्यावर उलटी धरली, तोंडाला जाड कापडाची पिशवी बांधली, आणि मी चावी फिरवली. आवाजावरूनच मला कळलं. टाकी तापलेली होती. आत पातळ राहिलंच नव्हतं, तापल्या हौदातल्या नळीसारखंच तिचंही झालं होतं, अठ्ठ्याऐंशीच्या वर गेलं की नुसता दाबलेला वायू. सगळा वाऱ्यासारखा पिशवीतून निघून गेला. आत जेमतेम मूठभर भुगा उरला. बोटांना चटका बसला तरी मी तो खरवडून बादलीत टाकला. पाणी बुडबुडलं, जरा गार झालं. मग बाबामियाँची टाकी. तीही तशीच.

वहिनी त्या पाण्यात फडकी बुडवून तुझ्या अंगावर घालत होती. एका फडक्याला तू डोळे उघडलेस, असं ती सांगते. आणि तू स्पष्ट बोललास. ते मीही ऐकलं.

"टाक्या सावलीत ठेवल्या का?"

इथे टाक थांबला आहे, भाऊ. वहिनी म्हणते, "माहं नाव नाई घेतलं त्याहीनं. टाक्याचं इचारलं." मी तिला म्हणालो, नको लिहू. टाक पुन्हा दौतीत बुडाला. मग म्हणाली, "नाई, ऱ्हावू द्या. जसं झालं तसं ऱ्हावू द्या."

"हो भाऊ, सावलीत हायेत," मी म्हणालो. दोन्ही टाक्या माझ्या पायांशी रिकाम्या पडल्या होत्या. दिवे लागायच्या सुमाराला तुझा श्वास थांबला. मी तुझ्या नाकाशी हात धरून होतो, आणि तो थांबल्यावरही बराच वेळ धरून राहिलो.

मला कुणी सांगेल की तू बाहेर उन्हात पडलास, ह्यात यंत्राचा काय दोष. वैद्य सांगतील, शेजारी सांगतात. मी झोपायचा प्रयत्न करतो तेव्हा एकच गोष्ट पुढे येते. माझे डोळे गेले म्हणून तू अमोनिया आणला नाहीस. अमोनिया नव्हता म्हणून वैशाखात बर्फ नव्हता. मी कुणाला दोष देत नाही, तुला तर नाहीच. पण ही साखळी माझ्या हातात येते, एकेक कडी चाचपत मी शेवटपर्यंत जातो, आणि शेवटी तू असतोस. देवाला काय मागावं हेही मला समजत नाही. मागायचं होतं ते त्या संध्याकाळी मागून झालं.

मागच्या आठवड्यात नागपूरचा एक व्यापारी आला. कारखाना चालू ठेवायचा असेल तर तो अमोनियाचं यंत्र बसवून देतो म्हणाला. वहिनीने मला विचारलं, "तुमाले चालन का, भाऊजी?" मी नको म्हणालो. वास सहन होणार नाही म्हणालो. सुटला तर कुणाचे तरी डोळे जातील म्हणालो. इतकी वर्षं मी जे तुझ्यापुढे खोडून काढत होतो ते सगळं मी बोललो, तुझ्याच शब्दांत.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊजी, तुमाले काय वाटते ते मले समजते. पण पुढच्या वैशाखात ह्या गावात बर्फ पायजे. कोणत्या का गॅसचा असंना. दुसऱ्या कोण्या बाईवर असं पाणी गार करत बसाची पाळी नको."

मी हो म्हणालो.

परवा माणसं येऊन इंजिनघराची मापं घेऊन गेली. तुझं यंत्र मोडीत जाईल, जसं ते जहाज गेलं. माझ्या हाताखालचा तो व्हॉल्व्हही जाईल. ज्यासाठी मी तुझ्याशी इतके उन्हाळे भांडलो ते आता होतं आहे, आणि विहिरीकडे उठून जाणारं कुणी नाही.

मी जिंकलो, भाऊ. एकदा ये, आणि मला नाही म्हण.